धडे बोलणारीला, सूट ऐकणाऱ्याला

‘बायकांनी जरा ठामपणे बोलायला शिकलं पाहिजे.’ हे वाक्य आपण सगळ्याजणींनी ऐकलेलं आहे. ते म्हणणारे लोक आपले शत्रू नसतात. ज्यांना बाईने तोंडच उघडू नये असं वाटतं, ते असला सल्ला देत नाहीत. सल्ला देतात ते हितचिंतक: पुरोगामी नवरे, कचेरीतले समजूतदार साहेब, व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालवणारे, आणि कधी कधी आपल्यातल्याच कार्यकर्त्या. वरवर पाहता हा सल्ला स्त्रीमुक्तीचाच वाटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. बाईचं कुणी ऐकत नाही याचं कारण तिच्या बोलण्यात आहे, असं ते गृहीत आहे. ऐकणाऱ्याच्या कानांची तपासणी कुणी करत नाही. या लेखात त्या कानांबद्दल बोलायचं आहे.

त्यासाठी उदाहरण घेऊ इंग्रजीचं. एक तर हा सल्ला पुस्तकांतून, वर्गांतून आणि हल्ली संगणकातूनही सर्वांत जास्त विकला गेला तो अमेरिका-इंग्लंडात, आणि तिथूनच तो आपल्याकडे आला. दुसरं म्हणजे, बोलणं मऊ करण्याची, आपलं म्हणणं अर्धं झाकून ठेवण्याची सोय इंग्रजीच्या व्याकरणातच आहे. ती सोय कोण वापरतं, कुणाची चालते आणि कुणाची चालत नाही, यावर तिथल्या स्त्रीवादी भाषाअभ्यासकांनी गेली पन्नास वर्षं काम केलेलं आहे. ते काम आपल्या उपयोगाचं आहे.

‘कुड’, ‘वुड’ आणि ‘माइट’

शाळेत आपल्याला शिकवतात की ‘कॅन’ म्हणजे शकणे आणि ‘कुड’ हे त्याचं भूतकाळी रूप. ‘वुड’ हे ‘विल’चं भूतकाळी रूप. ‘मे’ म्हणजे परवानगी किंवा शक्यता, आणि ‘माइट’ म्हणजे त्याहून कमी शक्यता. एवढ्या शिदोरीवर इंग्रजी बोलणाऱ्या माणसांत जाऊन बसलं की गोंधळ उडतो. कारण रोजच्या बोलण्यात ही क्रियापदं पुष्कळदा काळही सांगत नाहीत आणि शक्यताही सांगत नाहीत. ‘कुड यू क्लोज द डोअर’ यात भूतकाळ नाही, आणि तुमच्या अंगात दार लावण्याइतकी ताकद आहे का ही चौकशीही नाही. ‘दार लाव’ एवढाच त्याचा अर्थ. भूतकाळाचं रूप वापरून बोलणारा आपल्याच मागणीपासून एक पाऊल मागे सरकतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायला जागा राहते, निदान राहिल्यासारखी दिसते. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ म्हटलं तर पावलं दोन मागे जातात. मी असा विचार करत होते, की तुम्हाला हे जमलं असतं का! विचार आत्ता चाललेला असतो आणि काम आजच व्हायला हवं असतं.

साहेब जेव्हा हाताखालच्या माणसाला म्हणतो, ‘यू माइट वॉन्ट टू लुक अॅट धिस अगेन’, तेव्हा शब्दांचा अर्थ होतो की तुम्हाला हे कदाचित पुन्हा एकदा बघावंसं वाटेल. पण त्याला काय वाटेल हा प्रश्नच नसतो. हे चुकलेलं आहे, परत करून आणा, असा तो हुकूम असतो. शेजारीण चहाला बोलावते आणि समोरची म्हणते, मला फार आवडलं असतं, पण मला कदाचित मुलाला आणायला जावं लागेल. इंग्रजीत इथे पुन्हा ‘वुड’ आणि ‘माइट’. या ‘कदाचित’चाही शक्यतेशी संबंध नाही. ती येणार नाही. बोलावणारीलाही ते लगेच कळतं आणि ती दुसरा कप मांडत नाही.

आपल्याला यात नवल वाटण्याचं कारण नाही. ‘बघते जमलं तर’, ‘घरी विचारून सांगते’, ‘पाहू या पुढच्या आठवड्यात’. मोर्चाला येतेस का, या प्रश्नाला अशी उत्तरं ऐकलेली कुठलीही कार्यकर्ती त्या बाईचं नाव पक्क्या यादीत धरत नाही. तिला कुणी भाषाशास्त्र शिकवलेलं नसतं, तरी ती बरोबर ओळखते.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवू. असं मऊ, आडवळणाचं बोलणं कुणा एका जातीचं, वर्गाचं किंवा लिंगाचं नाही. इंग्रजी बोलणारे पुरुष असं बोलतात, बायका बोलतात, साहेब बोलतो आणि कारकूनही बोलतो. आणि बहुतेक वेळा सगळे एकमेकांचं नीट समजून घेतात. पुढे याच गोष्टीचा सोयीस्कर विसर पडतो.

‘बायकांची भाषा’

१९७३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकवणाऱ्या रॉबिन लेकॉफ यांनी ‘लँग्वेज अँड वुमन्स प्लेस’ नावाचा निबंध प्रसिद्ध केला. १९७५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. स्त्रिया आपलं म्हणणं ‘मला वाटतं’, ‘तसं काहीसं’, ‘हो ना?’ अशा शब्दांच्या उशा लावून मांडतात, विधानालाही प्रश्नाचा सूर देतात, सरळ मागण्याऐवजी आर्जव करतात, असं त्यांनी दाखवलं. मुलीला लहानपणापासून असंच बोलायला शिकवलं जातं, आणि मग असं बोलते म्हणूनच तिला कुणी गंभीरपणे घेत नाही. तिने सरळ बोलायचं ठरवलं तर ती बाईसारखी वागत नाही म्हणून टीका होते. म्हणजे मऊ बोलली तरी हरली आणि कडक बोलली तरी हरली. हा दुहेरी पेच लेकॉफ यांनी नेमका पकडला. त्यांचं हे ऋण कुणी नाकारू नये. भाषा हासुद्धा सत्तेचा प्रश्न आहे, हे त्यांनी विद्यापीठांना ऐकायला लावलं.

पण त्यांनी हे मांडलं ते मुख्यतः स्वतःच्या आणि भोवतालच्या सुशिक्षित, गोऱ्या, मध्यमवर्गीय लोकांच्या बोलण्यावरून. पुढच्या लोकांनी ध्वनिमुद्रणं करून तपासलं, तेव्हा चित्र जास्त गुंतागुंतीचं निघालं.

विल्यम ओ’बार आणि बोमन अॅटकिन्स यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या न्यायालयात साक्षीदारांच्या साक्षी ध्वनिमुद्रित केल्या. १९८० मध्ये त्यांचा निबंध आला. लेकॉफ यांनी ज्याला बायकांची भाषा म्हटलं होतं ती सगळ्या बायका बोलत नव्हत्या, आणि काही पुरुष चांगलीच बोलत होते. तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायला आलेल्या स्त्रीच्या बोलण्यात ती फारशी नव्हती. समाजात ज्यांचं स्थान खालचं, कोर्टाची पायरी ज्यांनी कधी चढलेली नाही, अशांच्या बोलण्यात ती जास्त होती, मग ते पुरुष असोत की बायका. म्हणून या दोघांनी तिला नाव दिलं ‘सत्ताहीनांची भाषा’. बायकांच्या तोंडी ती जास्त दिसते, कारण सत्ताहीनांत बायका जास्त आहेत. याच प्रकल्पातल्या आणखी एका प्रयोगात एकच साक्ष दोन तऱ्हांनी ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवली, एकदा ठाम आणि एकदा मऊ. मजकूर तोच, घटना तीच. तरी मऊ साक्ष लोकांना कमी विश्वासार्ह वाटली. म्हणजे न्यायालयात सत्य किती, याआधी सत्य सांगणाऱ्याचा सूर कसला, हे तोललं जातं. ज्या बाईने जन्मात कधी हुकूम सोडलेला नाही, तिचं खरंही त्यामुळे पातळ ठरतं.

न्यूझीलंडमध्ये जॅनेट होम्स यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. नुसते शब्द मोजून चालणार नाही, तो शब्द तिथे काय काम करतो ते बघा, असं त्या म्हणाल्या. वाक्याच्या शेवटी येणारं ‘हो ना?’ प्रत्येक वेळी बोलणाऱ्याची खात्री नसल्याची खूण नसते. होम्स यांच्या संग्रहात खात्री नसल्यामुळे असं विचारणं पुरुषांकडे जास्त निघालं. बायका ते जास्त वापरत होत्या ते समोरच्याला बोलण्यात ओढून घेण्यासाठी, कोपऱ्यात गप्प बसलेल्याला दार उघडून देण्यासाठी. ‘आय थिंक’चंही तसंच. ते शंकेने म्हणता येतं आणि अत्यंत निश्चयानेही म्हणता येतं, आणि निश्चयाने म्हणण्यात बायका मागे नव्हत्या. अमेरिकेत पॅमेला फिशमन यांनी जोडप्यांच्या घरातली संभाषणं ध्वनिमुद्रित करून १९७८ मध्ये दाखवलं होतं, की संभाषण चालू ठेवण्याचं काम मुख्यतः बायका करतात. प्रश्न त्या विचारतात, विषय त्या काढतात, हुंकार त्या देतात. त्यांनी काढलेले विषय बऱ्याचदा हवेत विरून जातात आणि पुरुषाने काढलेला विषय मात्र चालतो. याला त्यांनी ‘काम’ म्हटलं. स्वयंपाक-धुण्यासारखंच हेही न दिसणारं, न मोजलेलं आणि मोबदला नसलेलं काम आहे.

इंग्लंडमध्ये जेनिफर कोट्स यांनी मैत्रिणींच्या गप्पांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांनाही असंच दिसलं, की नाजूक विषय निघाला, कुणाच्या जखमेला हात लागणार असला, की बायका ‘कदाचित’, ‘असेल’, ‘मला आपलं वाटतं’ असे शब्द जास्त वापरतात. आपलं मत दगडासारखं मध्ये टाकत नाहीत, दुसरीला तिचं मत बदलायला आणि मांडायला जागा ठेवतात. यात दुबळेपणा कुठला? आपल्या बायकांच्या बैठकांत, जिथे एखादी पहिल्यांदाच नवऱ्याच्या माराबद्दल बोलत असते, तिथे आपण असंच तर बोलतो.

दोष कुणाचा, औषध कुणाला

या सगळ्या अभ्यासातून दोन निष्कर्ष निघू शकत होते. पहिला, सत्तेची वाटणी बदला म्हणजे भाषेचं आपोआप होईल. दुसरा, बायकांची भाषा बदला. बाजाराने अर्थातच दुसरा उचलला. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत ठामपणाच्या प्रशिक्षणाची लाट आली. पुस्तकं आली, शिबिरं आली. ‘सॉरी’ म्हणू नका, ‘जस्ट’ म्हणू नका, ‘मला वाटतं’ म्हणू नका. २०१५ साली तर ‘जस्ट नॉट सॉरी’ नावाची एक संगणकीय सोय निघाली. बाई जीमेलवर पत्र लिहायला लागली आणि तिने असा एखादा शब्द लिहिला, की तो शब्द शाळेच्या वहीतल्या चुकीसारखा अधोरेखित होतो. पूर्वी लाल शाई मास्तरांच्या हातात असे. आता ती बाईनेच आपल्या हाताने आपल्या यंत्रात बसवायची. त्या पत्राला उत्तर न देणाऱ्या साहेबाच्या यंत्रात कुणी काही बसवलं नाही.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ डेबोरा कॅमरन यांनी ‘व्हर्बल हायजीन’ या १९९५ च्या पुस्तकात आणि त्यानंतरही सातत्याने या साफसफाईच्या उद्योगाचा समाचार घेतलेला आहे. आपण त्यात एवढीच भर घालू, की ज्या घरात सुनेच्या भाकरीला रोज नावं ठेवली जातात, तिथे दोष भाकरीत नसतो.

आता पुरुषांचं एक उदाहरण बघू, म्हणजे फरक लख्ख दिसेल. १३ जानेवारी १९८२. वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होतं. एअर फ्लोरिडाचं विमान धावपट्टीवरून धावायला लागलं. विमान चालवत होता सहवैमानिक, आणि शेजारी बसला होता वरिष्ठ कॅप्टन. इंजिनाची यंत्रं दाखवत असलेले आकडे सहवैमानिकाला खटकले. तो म्हणाला, हे काही बरोबर दिसत नाही, नाही का? कॅप्टन म्हणाला, बरोबर आहे. सहवैमानिक म्हणाला, नाही, मला नाही वाटत हे बरोबर आहे. आणि मग लगेच, की असेलही कदाचित. विमान उडालं, नीट वर चढू शकलं नाही, पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळलं. विमानातल्या ७९ पैकी ७४ माणसं आणि पुलावरची चार माणसं गेली.

सहवैमानिक पुरुष होता, प्रशिक्षित होता. तरी त्याच्या तोंडून निघाली तीच भाषा, म्हणजे ‘नाही का?’, ‘मला वाटत नाही’, ‘असेलही’. कारण शेजारी वरिष्ठ बसला होता. शार्लट लिंडे या भाषाअभ्यासिकेने विमानातल्या अशा संभाषणांचा अभ्यास करून १९८८ मध्ये दाखवलं, की वरच्यापेक्षा खालचा माणूस जास्त मऊ बोलतो. डेबोरा टॅनन यांनी हे उदाहरण आपल्या पुस्तकात घेतल्यावर ते पुष्कळ लोकांपर्यंत पोचलं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते विमान कंपन्यांनी काय केलं ते. १९७० च्या दशकातल्या अशाच काही अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने एक कार्यशाळा भरवली होती आणि तीतून वैमानिकांच्या नव्या प्रशिक्षणाची कल्पना पुढे आली होती. १९८० च्या दशकात ते प्रशिक्षण सगळीकडे पसरलं. त्यात कनिष्ठांना शंका स्पष्ट बोलून दाखवायला शिकवतात, हे खरं. पण त्याचबरोबर कॅप्टनलाही शिकवतात, की ऐक. कनिष्ठ आडून काही सुचवत असेल तर थांब, विचार, समजून घे. विमान पडलं तेव्हा, सहवैमानिक मुळमुळीत बोलला म्हणून पडलं, एवढंच म्हणून कुणी हात झटकले नाहीत. ऐकणाऱ्याची जबाबदारी ठरवली आणि त्याला धडे दिले.

बाईच्या बाबतीत मात्र विमान रोज पडतं आणि दर वेळी धडे सहवैमानिकालाच.

‘नाही’ कसं म्हणतात

हे सगळं कचेरीपुरतं आणि बैठकीपुरतं असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण याच प्रश्नाचं एक टोक बलात्काराच्या खटल्यात जाऊन पोचतं.

इंग्रजी देशांतल्या स्त्री चळवळीने १९८० आणि ९० च्या दशकांत ‘नो मीन्स नो’ ही घोषणा दिली. नाही म्हणजे नाही. घोषणा खणखणीत होती आणि गरजेची होती. पण तिचा एक अर्थ उलटा फिरवला गेला. मुलींना सांगण्यात आलं, की ‘नाही’ म्हणायला शिका, मोठ्याने म्हणा, स्पष्ट म्हणा, कारण न देता म्हणा. आणि ज्या मुलीने ‘मला उद्या लवकर उठायचं आहे’, ‘आत्ता नको, आपण पुढे कधीतरी बघू’, ‘मी जरा दमलेय’ असं म्हटलं, तिने नीट सांगितलंच नाही असं ठरायला लागलं.

१९९९ मध्ये सिलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी या समजुतीच्या मुळावरच बोट ठेवलं. इंग्रजीत रोजच्या आयुष्यात माणसं नकार कसा देतात? चहाचं आमंत्रण असो, गाडीतून सोडतो असं म्हणणं असो. नुसतं ‘नो’ म्हणून कुणीच नकार देत नाही. माणूस क्षणभर थांबतो, ‘वेल’ म्हणतो, ‘फार आवडलं असतं’ म्हणतो, काहीतरी अडचण सांगतो, ‘कदाचित पुढच्या वेळी’ म्हणतो. ‘नो’ हा शब्द त्यात येतच नाही. आणि ऐकणाऱ्याला नकार कळतो, पुष्कळदा तर त्या क्षणभराच्या थांबण्यातच कळतो. मग फक्त शरीरसंबंधाच्या बाबतीत बाईने जगावेगळ्या, उद्धट वाटणाऱ्या भाषेत नकार द्यावा, तरच तो नकार, हा नियम कुणी केला? त्या मुली ज्या भाषेत बोलल्या ती सगळ्या समाजाची नकाराची भाषा आहे. चहाच्या वेळी ती समजते आणि अंथरुणाच्या वेळी समजत नाही, असं होत नाही.

समजत नाही असं म्हणणाऱ्यांचंही पुढे परीक्षण झालं. ओ’बर्न, रॅप्ली आणि हॅन्सन या संशोधकांनी तरुण मुलांशी गटचर्चा केल्या. २००६ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की मुलगी ‘नो’ हा शब्द न उच्चारता नकार देते तेव्हा तो या मुलांना चांगला ओळखता येतो. तिच्या देहबोलीतला नकारही त्यांनी ओळखला. पण २००८ मध्ये आलेला त्यांचा पुढचा निबंध सांगतो, की चर्चा बलात्काराच्या जबाबदारीकडे वळली की हीच मुलं म्हणू लागतात, तिने स्पष्ट सांगायला हवं होतं, आम्हाला कसं कळणार? म्हणजे अडचण समजण्याची नाही. समजलं असं कबूल करण्याची आहे.

बरं, स्पष्ट सांगितलं तर तरी निभावतं का? कॅनडातला युएनचक खटला बघा. नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने एकदा नाही, अनेकदा ‘नो’ म्हटलं होतं. प्रत्येक वेळी तो माणूस थांबला आणि पुन्हा पुढे गेला. मुलगी घाबरली होती, पण घाबरल्याचं तिने दाखवलं नाही. खालच्या कोर्टाने ‘गर्भित संमती’ म्हणून त्याला सोडलं. अपील न्यायालयातल्या एका न्यायाधीशाने तर तिच्या कपड्यांवर शेरा मारला. अखेर १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि गर्भित संमती नावाचा बचाव कायद्यात नाही असं बजावलं. म्हणजे मऊ बोललीस तर स्पष्ट नव्हतीस, आणि स्पष्ट बोललीस तर मनापासून नव्हतीस. लेकॉफ यांचा दुहेरी पेच इथे जिवाशी येतो.

हा पेच इंग्रजी देशांपुरता नाही. मथुरा खटला आपल्यापैकी जुन्या मैत्रिणींना वेगळा सांगायला नको. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत घडलेल्या गुन्ह्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन पोलिसांना सोडलं, कारण मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. निमूटपणे सोसणं म्हणजे संमती नव्हे, हे उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांना १९७९ मध्ये उघड पत्र लिहून सरन्यायाधीशांना सांगावं लागलं. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ मध्ये तो आणखी बदलला. संमती म्हणजे बाईने शब्दांनी, खुणेने किंवा अन्य रीतीने दिलेली निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची मान्यता, अशी व्याख्या आली. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, असंही लिहिलं गेलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही व्याख्या कायम आहे.

आणि तरीही २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका खटल्यात आरोपीला निर्दोष सोडताना, बाईच्या क्षीण नकाराचा अर्थ कधी कधी होकारही असू शकतो, अशा अर्थाचं विधान केलं. दोघं ओळखीची आहेत, शिकलेली आहेत, मग तिचा नकार त्याच्यापर्यंत पोचला की नाही याची शंका, आणि त्या शंकेचा फायदा त्याला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही. नकार क्षीण होता की ऐकणं क्षीण होतं? कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शोधायचा होता होकार. शोधला गेला तो नकाराचा आवाज, आणि तो पुरेसा मोठा निघाला नाही.

याला दुसरा रस्ता आहे आणि तो कायद्यात लिहिताही येतो. कॅनडाने १९९२ मध्ये आपल्या कायद्यात घातलं, की ‘मला वाटलं तिची संमती आहे’ असं म्हणणाऱ्याने ती खात्री करून घेण्यासाठी वाजवी पावलं उचललेली असली पाहिजेत. इंग्लंडच्या २००३ च्या कायद्यातही त्याचा समज वाजवी होता का, त्याने खात्री करण्यासाठी काय केलं, हे बघायला सांगितलं आहे. म्हणजे कॅप्टनलाही प्रश्न विचारता येतो, की तू काय ऐकलंस आणि कळलं नाही तर विचारलंस का? कायदे आले म्हणजे तिथल्या बायकांना न्याय मिळायला लागला असं नाही. पण निदान प्रश्न योग्य माणसाकडे वळला.

आपल्या घरातही

मग बायकांनी ठामपणे बोलायला शिकूच नये का? जरूर शिकावं. पोलीस ठाण्यात, कोर्टात, रेशन दुकानात, दवाखान्यात कसं बोललं की दाद लागते, हे माहीत असणं हे हत्यार आहे, आणि हत्यार हातात असावं. आपली शिबिरं ते काम करतात आणि करत राहतील. पण हत्यार वेगळं आणि अट वेगळी. सायकल येणं चांगलं, पण सायकल येत नाही तिला रस्त्यावर चालायचा हक्क नाही, असं आपण म्हणत नाही. मऊ बोलणाऱ्या बाईचा नकारही नकार आहे आणि तिची तक्रारही तक्रार आहे.

हे सांगताना आपल्या संघटनांतही जरा डोकावून बघितलं पाहिजे. आपल्या बैठकांत ‘असं करता येईल का, बघा बरं’ हे ज्येष्ठ कार्यकर्तीने म्हटलं की तो ठराव होतो. तेच वस्तीतून आलेल्या नव्या बाईने म्हटलं की ती सूचना इतिवृत्तातही येत नाही. शब्द तेच, पण एकीच्या तोंडी तो नम्रपणा आणि दुसरीच्या तोंडी अनिश्चितपणा. शिकलेल्या, शहरी, वरच्या जातीतल्या बायकांची प्रमाणभाषा ठाम वाटते आणि दुसरीची बोली कच्ची वाटते. हेही ऐकण्याचंच राजकारण आहे, आणि ते पुरुषांनी नाही, आपणच चालवतो.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मुलींच्या शिबिरात ‘नाही म्हणायला शिका’ हे सत्र असेल, तर मुलांच्या शिबिरात ‘नाही ओळखायला शिका’ हेही सत्र हवं. त्यात ‘नंतर बघू’, ‘आई ओरडेल’, ‘मला बरं वाटत नाहीये’ ही वाक्यं लिहून द्यावीत आणि अर्थ विचारावा. मुलं बरोबर सांगतील, आणि एकदा सांगितल्यावर ‘कळलं नाही’ म्हणायची सोय उरणार नाही. सल्ला केंद्रात बाईची तक्रार लिहून घेताना तिचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘तिने विरोध केला’ असा आपल्या भाषेतला गुळगुळीत अनुवाद करू नये. ‘मी म्हटलं, पोरं जागी आहेत’ हे तिचं वाक्य असेल तर तेच लिहावं, आणि पुढे तो नकार आहे हेही लिहावं. वकील मैत्रिणींनी उलटतपासणीत ‘तुम्ही नाही हा शब्द उच्चारला का’ असा प्रश्न आला, की रोजच्या व्यवहारात कोण तो शब्द उच्चारतं, हे कोर्टापुढे मांडावं. किट्झिंगर आणि फ्रिथ यांच्यासारखं काम मराठीत, आपल्या बोलींत व्हायला हवं. ते करायला फार साधनं लागत नाहीत. कान उघडे असले की पुरे.

आजपर्यंत बाईला सांगितलं गेलं की नीट बोल. आता समोरच्याला सांगायची वेळ आली आहे: नीट ऐक. आणि हे मात्र आपण ‘कदाचित’ न लावता सांगू.